रिकामा डबा परत न करणारे मामा

जन्मभर फुकट वाटण्याची नोकरी करून जन्मात कुणाचं काही फुकट न घेतलेला माणूस मी एकच पाहिला, आणि तो म्हणजे आमच्या सुनेचे मामा. तुम्ही त्यांना चहा द्या, ते तुमचा गळका नळ बसवून देतील. जेवायला थांबवा, ते जाताना मागच्या अंगणातलं तण काढून जातील. माझ्या मुलाने, महेशने, एकदा वाढदिवसाला त्यांना स्वेटर दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर आमच्या दारापुढचं सगळं गवत कापलेलं. स्वेटर जरा भारीतला असावा असं त्यांना वाटलं असेल, कारण त्यांनी शेजारच्यांचंही गवत कापून टाकलं होतं. शेजारी एक इटालियन म्हातारा राहतो. तो बिचारा गोंधळून टोपलीभर टोमॅटो घेऊन आला. मामांनी टोमॅटो घेतले आणि संध्याकाळी जाऊन त्याच्या फाटकाची मोडकी कडी दुरुस्त केली. म्हाताऱ्याने दुसऱ्या दिवशी तुळस आणली. हे प्रकरण पुढे कुठवर गेलं ते मला माहीत नाही, पण त्या उन्हाळ्यात आम्हाला भाजी विकत आणावी लागली नाही आणि त्या म्हाताऱ्याच्या घरात न दुरुस्त झालेली वस्तू उरली नाही.

मामांची नोकरी काय होती हे समजायला मला वर्ष लागलं. ऑस्ट्रेलिया सरकार आसपासच्या लहान, गरीब देशांना मदत देतं, आणि ती मदत तिथे नेऊन कामाला लावायला इथल्या कंपन्या माणसं पाठवतात. मामा पुण्याकडचे, शेतीचं शिक्षण घेतलेले, तरुणपणी इकडे आले आणि अशा एका कंपनीत लागले. त्यांच्या वाट्याला पॅसिफिक समुद्रातलं एक बेट आलं. बेट म्हणजे अख्खा देश, त्याला झेंडा आहे, पंतप्रधान आहे, आणि मामा सांगत की एका टोकाला कुणी शिंकलं तर दुसऱ्या टोकाचा माणूस रुमाल पुढे करतो. त्या देशाचं नाव मला आजही नीट म्हणता येत नाही, म्हणून मी बेट असंच लिहिते. मामाही बेटच म्हणत, पण ते लाडाने. तीस वर्षं ते तिथे जात-येत राहिले. बायको गेल्यावर आणि नोकरी संपल्यावर ते क्रेगीबर्न या उपनगरात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून एकटे राहत होते. मीही हे गेल्यावर मुलाकडे आले होते. दिवसा सगळे कामाला आणि शाळेला जात. आख्ख्या गल्लीत मी आणि मॅगपाय पक्षी. मला कुणाशी बोलायची सवय नाही, इंग्रजी तर येतच नाही, त्यामुळे पहिले सहा महिने मामा दारात यायचे आणि मी दाराच्या जाळीआडून हो-नाही म्हणायची. त्यांना त्याचं काही वाटत नसे. "विहीणबाई, बेटावर मला पहिलं वर्ष कुणी हो-नाहीसुद्धा म्हटलं नव्हतं," असं म्हणून ते पायरीवर बसत.

ते घरात येऊ लागल्यावर पहिल्यांदा काय केलं असेल, तर गॅरेजमधल्या चालायच्या मशीनभोवती हात मागे बांधून एक फेरी मारली. त्या मशीनवर माझ्या साड्या वाळत होत्या.

"विहीणबाई, हा प्रकल्प कधी बंद पडला?"

"म्हणजे?"

"उद्घाटन कुणी केलं होतं?"

"महेशने. नव्या वर्षाला आणलं. आठवडाभर चालला त्याच्यावर."

"आठवडाभर! मग बरंच चाललं म्हणायचं. आमच्याकडे फोटो काढून पाहुणे विमानात बसेपर्यंतच चालायचं."

मग त्यांनी वरच्या कपाटातलं ब्रेड करायचं मशीन पाहिलं, रस काढायचं मशीन पाहिलं, आणि सून, अनघा, कामावरून आली तेव्हा ते ओट्यापाशी उभे होते. ती म्हणाली, "मामा, प्लीज हं. माझ्या एअरफ्रायरकडे बघू नकोस." मामा म्हणाले, "बघत नाहीये गं. बिघडला तर सुटा भाग कुठे मिळतो एवढंच विचारतोय." हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. ते सांगत की बेटावर त्यांनी नेलेल्या ट्रॅक्टरचा एक लहानसा पट्टा तुटला, तो पट्टा दोन देश ओलांडून यावा लागणार होता, तोवर ट्रॅक्टरच्या सीटवर कोंबड्यांनी अंडी घातली. पुढे पट्टा आला, पण मग कोंबड्यांना उठवायला कुणी तयार होईना, कारण एव्हाना गावाला ट्रॅक्टरपेक्षा अंड्यांची सवय झाली होती. फणसाचं पीठ करायचं यंत्र आलं, त्याच्यासोबत जाडजूड पुस्तक आलं, ते कुठल्या भाषेत होतं हे बेटावर कुणाला ओळखता आलं नाही. "पण पाटी मात्र आम्ही चांगली लावायचो," मामा म्हणायचे. "दोन झेंडे, मध्ये हातात हात. इमारत पडली तरी पाटी टिकते."

हे सगळं ते हसत सांगत, पण दमलेल्या माणसाचं हसणं असतं तसं. सांगून झालं की चष्मा काढून डोळे चोळत बसत.

त्यांच्याबरोबर दुकानात जाणं हा तर दिवसभराचा कार्यक्रम. घरात रिकामी मीच, म्हणून ते मला न्यायचे. मामा प्रत्येक डबा, प्रत्येक पाकीट उलटं करून ते कुठल्या देशातून आलं हे वाचायचे, ओठ हलवत, पोथी वाचावी तसं. केळ्यांच्या ढिगापाशी थांबत, आल्यापाशी थांबत, आणि नारळाच्या दुधाच्या डब्यांपाशी तर अर्धा तास. दुकानाचा राखणदार आमच्या मागे मागे फिरायचा, आणि मी लाजेने पदर ओढून घ्यायची. "बघा," मामा म्हणायचे, "नारळ एका देशातला, डब्यात भरला दुसऱ्या देशात, विकतोय तिसराच. माझ्या बेटाचं नाव कुठेच नाही. तिथे नारळ पडून डोकी फुटतात हो माणसांची!" मग काहीही न घेता आम्ही बाहेर पडायचो. राखणदाराला वाईट वाटू नये म्हणून मामा जाताना त्याला विचारायचे, "मेट, तुझे बूट कुठल्या देशाचे?"

पण मी त्यांना खरी ओळखायला लागले ती माझ्या साठीच्या दिवशी. अनघाने हौसेने केक आणला होता, चार माणसं बोलावली होती, आणि मला भेट म्हणून एक मोठं भाज्या कापायचं, वाटायचं, सगळं काही करायचं मशीन आणलं होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मामा खुर्चीतून म्हणाले, "विहीणबाईंना विचारलं होतं का, त्यांना काय हवंय?"

 महेश म्हणाला, "मामा, सरप्राइज होतं ना."

"आमचंही सरप्राइजच असायचं," मामा म्हणाले, आणि माझ्याकडे वळले. "सांगा, काय हवंय?"

मला तसं आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी खाली बघत म्हटलं, "खवणी."

"आई, अगं त्या मशीनला नारळाची अटॅचमेंट आहे!" अनघा म्हणाली. तिला वाईट वाटलं असणार, आणि मलाही बोलल्याचा पश्चात्ताप झाला. पण मामा तेवढ्यात उठून गेले होते. पंधरा मिनिटांत ते एक बुटकं लाकडी आसन घेऊन आले. घोड्यासारखं, आणि पुढे तोंडाला लोखंडी दातेरी पातं. बेटावर घरोघरी ही अशी खवणी असते, माणूस तिच्यावर बसतो आणि नारळ खवतो. आमच्या कोकणात विळीला असते तीच, फक्त जरा उंच. मी गॅरेजमध्ये तिच्यावर बसले आणि एक नारळ खवून काढला. नात म्हणाली, "आजी, यू लुक सो हॅपी!" मामा माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "आता तुमच्याकडून डबा यायला हवा."

तेव्हापासून डबा सुरू झाला. माझ्याकडे लग्नातला एक पितळी कडीचा स्टीलचा डबा आहे, झाकणावर माझं नाव कोरलेलं. त्यात मी नारळाच्या वड्या घालून दिल्या. आपल्याकडे भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत आहे, साखरेची चिमूट तरी घालतात. मामांनी ती रीत कायद्यासारखी पाळली. डबा परत आला तो लिंबांनी भरून. मी लोणचं घातलं, तो परत गेला. मग कढीपत्ता आला. एकदा त्यांना द्यायला काही सापडलं नाही तर डब्यात खिळे भरून आणले आणि आमच्या डगमगणाऱ्या कुंपणाला ते तिथल्या तिथे ठोकले. झाकणावरचं माझं नाव पाहून तर ते खूश झाले. "वा! मूळ उत्पादकाचं नाव आहेच. आता देश तेवढा लिहू," म्हणून त्यांनी डब्याच्या बुडाला एक चिकटपट्टी लावली आणि तिच्यावर इंग्रजीत आमचा पत्ता, फोन आणि देश लिहून वर पारदर्शक टेप मारली. मी विचारलं, "कुठला देश लिहिलात?" डबा पुन्हा उलटा करून बघत ते म्हणाले, "तो मात्र तुम्हाला विचारायला हवा होता. चुकलंच."

एकदा पायरीवर बसून त्यांनी मला त्यांची सगळी विद्या डब्यावर समजावून सांगितली. "मदत म्हणजे काय, तर डबा भरून पाठवायचा आणि रिकामा परत मागवायचा, वर सही घ्यायची की मिळाला. व्यापार म्हणजे डबा दोन्ही बाजूंनी भरलेला जातो. बेटावरच्या माणसांना रिकामा डबा परत द्यायची लाज वाटते, विहीणबाई. तुमच्यासारखीच. आणि आम्ही त्यांना तीस वर्षं तेच करायला लावलं. त्यांच्याकडचं काही घ्यायची वेळ आली की आमचेच लोक बंदरावर उभे, हे चालणार नाही, ते चालणार नाही." मग ते आपल्या घराच्या दिशेने बघत म्हणाले, "त्या मदतीतला केवढा तरी भाग माझ्या पगाराच्या रूपाने इकडेच परत आला. बेटाच्या मदतीतून उभी राहिलेली आणि अजून न पडलेली एकच इमारत मला माहीत आहे. ते माझं घर."

मग ते उठले आणि नेहमीसारखे छपराच्या पन्हळीतली पानं काढायला गेले.

नीरफणसाची गोष्ट त्यानंतरची. एके दिवशी त्यांनी फोनवर एक फोटो दाखवला. झाडाखाली हिरव्या फळांचा सडा पडलेला, आणि मध्ये एक दांडगी, हसरी बाई उभी. "हे फळ तुम्हाला माहीत नसणार," ते म्हणाले.

"नीरफणस," मी म्हटलं. "काप करतात."

मामा उभेच राहिले. आपल्या कोकणातही हे फळ पिकतं हे घाटावरच्या माणसाला कुठून ठाऊक असणार? बेटावर तो निखाऱ्यावर भाजतात, आणि इतक्या वर्षांत आलेल्या तज्ज्ञांनी त्याचं पीठ, बिस्किटं, कोंबडीखाद्य, सगळं करून पाहिलं होतं. काप कुणी केले नव्हते. मी त्यांना सांगितलं, साल काढायची, मधला दांडा काढायचा, पातळ काप, हळद, तिखट, हिंग, मीठ, जरासं आमसुलाचं पाणी, वरून तांदळाच्या पिठात घोळवायचे आणि तव्यावर कुरकुरीत परतायचे. ते वहीत लिहून घेत होते. मी सांगतेय आणि शिकलेला माणूस लिहून घेतोय, असं माझ्या आयुष्यात एकदाच घडलं.

फोटोतली बाई म्हणजे सेला. बेटावर तिने बायकांचा एक गट केला होता. मामांच्या शेवटच्या प्रकल्पातून त्या गटाला एक थंड खोली मिळाली होती. ताजा नीरफणस ऑस्ट्रेलियात आणू देत नाहीत, पण वाफवून, गोठवून आणता येतो. खोलीच्या विजेचा खर्च प्रकल्प जूनपर्यंत देणार होता. तोपर्यंत इथलं एखादं दुकान नियमित माल घ्यायला लागलं तर खोली आपल्या पायावर चालणार, नाहीतर बंद. मामांनी नोकरी सोडताना सेलाला शब्द दिला होता की गिऱ्हाईक मी शोधीन. "बाकी सगळं पडलं तरी चालेल," ते मला म्हणाले. "आम्ही नसताना चाललेली एक वस्तू मला बघायची आहे. एकच."

नमुन्याची खोकी आली. आमच्या गॅरेजच्या फ्रीजरमध्ये दुसरं काही ठेवायला जागा उरली नाही. इथल्या मराठी मंडळाचा संक्रांतीचा कार्यक्रम होता, शाळेच्या हॉलमध्ये. बाहेर चाळिशीचं ऊन, आत तिळगूळ आणि पंखे. मी आणि अनघाने सकाळपासून काप परतले. बायका खाऊन म्हणत होत्या, "अय्या, सुरणासारखं लागतं!" "पोटॅटो वेजेसपेक्षा किती छान!" मामांना सोडतीच्या आधी पाच मिनिटं बोलायला दिली होती. त्यांनी कागदावर एवढंच लिहून आणलं होतं की हा माल चांगला आहे, विकत घ्या. पण माईक हातात आल्यावर ते सेलाबद्दल बोलायला लागले. ती पाठीवर टोपली घेऊन किती चालते, वादळात छप्पर उडालं तेव्हा तिने आधी थंड खोलीची दारं कशी दोरीने बांधली.  पुढच्या रांगेतल्या दोघी तर डोळे पुसत होत्या. मला वाटलं, झालं काम.

अध्यक्षांनी माईक घेतला. म्हणाले, "मित्रहो, आपण मराठी माणसं अशा वेळी मागे राहणार नाही!" आणि तिथल्या तिथे मदतपेटी जाहीर केली.

मामा उठून म्हणाले, "अहो मदत नको. विकत घ्या. नुसतं विकत घ्या."

"किती नम्र आहेत बघा!" कुणीतरी म्हणालं, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला. त्या उकाड्यात शाल पांघरून मामा उभे होते, आणि नारळ उलटासुलटा करून बघत होते. त्याच्यावर देश लिहिलेला नव्हता. पुढच्या रविवारपर्यंत आमच्या दारात कपड्यांच्या अकरा पिशव्या जमल्या. स्वेटर, हातमोजे, कानटोप्या. बेटावर कानटोपी घालायची म्हणजे माणूस आजारी पडेल. पाकिटं किती गेली? एक. तीही एका वसईच्या बाईने नेली. ती जाताना माझ्या कानात म्हणाली, "आमच्या कुपारी समाजातल्या म्हाताऱ्यांना आवडेल बघा."

गाडीत बसल्यावर मामांनी आधी शाल काढून तिची घडी घातली. मग म्हणाले, "गिऱ्हाईक मागायला गेलो, विहीणबाई. दाते घेऊन आलो."

शाल फुकट मिळाली होती, ते त्यांना सोसवेना. पुढचे दोन महिने त्यांनी मंडळाच्या सगळ्या डगमगत्या खुर्च्यांचे पाय बसवून दिले.

स्टेशनजवळच्या किराणा दुकानाचे मालक पंजाबी आहेत. ते म्हणाले, "अंकलजी, थोडा रखके देखते हैं. चला तो और मँगवाएँगे." पाकिटं मटारच्या खाली पडून राहिली. लोकांना ते काय आहे तेच कळेना. मग मामांनी माझ्यावर काम सोपवलं. मी शनिवारी दुकानात कापांची ताटली घेऊन उभं राहायचं. पहिल्या शनिवारी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, मी ताटली पुढे करून जमिनीकडे बघत राहिले. दुसऱ्या शनिवारी नातीने कृती इंग्रजीत कागदावर लिहून दिली, मी ती पाकिटांवर चिकटवली. मामा दाराबाहेर गाडीत बसून राहायचे, आत येत नसत. "मी आलो की पुन्हा भाषण होईल," म्हणायचे. मी बाहेर आले की विचारायचे, "किती?" मी कधी दोन म्हणायची, कधी एक. पाऊस लागला, थंडी पडली, आणि जून संपला.

जुलैत एका केरळच्या नर्सबाईंनी एक पाकीट नेलं. त्यांच्याकडे हा फणस नारळात शिजवतात म्हणे. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं, त्यांनी श्रीलंकेच्या शेजाऱ्यांना सांगितलं, आणि एका आठवड्यात फ्रीजरचा तो कोपरा रिकामा झाला. मी कोथिंबीर घ्यायला गेले तर मालक काउंटरमागून ओरडले, "आंटीजी, वो फणस कब आएगा? सब पूछ रहे हैं! इस बार बड़ा ऑर्डर देंगे."

मी कोथिंबीर न घेताच घरी आले. मामा पुरणपोळीच्या बदल्यात आमच्या गॅरेजचं दार दुरुस्त करत होते. मी सांगितलं. त्यांनी पाना खाली ठेवला आणि त्या बेटावरच्या खवणीवर बसले.

"किती लोक विचारतात म्हणाला?"

"सगळे, म्हणाला."

"तीन आठवडे, विहीणबाई," ते म्हणाले. "तीन आठवड्यांपूर्वी वीज तोडली. सेलाने खोलीत कोंबड्या ठेवल्यात."

"पुन्हा नाही का चालू होणार?"

"अर्ज करता येतो. पण यंदाच्या योजनेत थंड खोल्या बसत नाहीत. यंदा सौरदिवे आहेत."

 मी चहा केला. त्या दिवशी पहिल्यांदाच ते चहा पिऊन काही दुरुस्त न करता घरी गेले.

ऑगस्टमध्ये ते स्वतःच्या खर्चाने बेटावर गेले. सेलाला तोंडाने सांगायला हवं, फोनवर नाही, म्हणाले. मी डब्यात चकल्या आणि कापांचा मसाला भरून दिला. आठ दिवसांनी ते परतले आणि दारातच उभे राहिले, हात मोकळे.

"डबा तिथेच राहिला," ते म्हणाले. "मी मागितला. ती म्हणाली, आत्ता नाही. फळीवर ठेवला उंच. तुमचा लग्नातला डबा, विहीणबाई. तोही गेला बेटावर."

"राहू दे हो," मी म्हटलं. पण त्यांनी ते फार मनाला लावून घेतलं. त्यानंतर ते विसरायला लागले असं अनघा म्हणते. मला वाटतं आधीपासूनच थोडं होतं. दुकानात एकच पाकीट पुन्हा पुन्हा उलटं करून वाचायचे, ते मला आधी वाचायची हौस वाटायची. एकदा आपल्याच घराच्या किल्ल्या घेऊन आमच्या दारात उभे होते. शेवटी त्यांची मुलगी येऊन त्यांना ब्रिस्बेनकडे, स्प्रिंगफील्ड लेक्सला घेऊन गेली. घर विकायला काढलं. जाताना ते मला म्हणाले, "तुमचं देणं राहिलं हो." मी म्हटलं, "काही राहिलं नाही." त्यांना ते पटलं नाही, हे चेहऱ्यावरून दिसत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, दुपारी, दाराची घंटा वाजली. जाळीपलीकडे एक दांडगी बाई उभी होती, शेतातले बूट, उन्हाने रापलेला चेहरा. शेपर्टन गावच्या शेतांवर टोमॅटो तोडायला बेटावरची माणसं येतात, सरकारनेच ती सोय केली आहे. ती सेलाची बहीण होती, हे नात शाळेतून आल्यावर तिच्याकडून कळलं. तिला मराठी येत नव्हतं, मला इंग्रजी येत नाही, आणि दोघीही लाजाळू. तिने पिशवीतून डबा काढला, उलटा करून बुडाची चिकटपट्टी दाखवली, आणि मग माझ्या हातात दिला. तो जड होता.

आत पानांचा विणलेला एक पंखा होता, नीट वाकवून बसवलेला, त्याखाली शिंपल्यांची एक माळ, आणि अगदी तळाला माझी मसाल्याची कापडी पुरचुंडी, रिकामी, धुऊन वाळवलेली. तिने फोन काढून फोटो दाखवला. बेटाच्या धक्क्यावर सेला एक टेबल मांडून बसली होती. पुढे तवा, तव्यात काप. बोटीची वाट बघणारी माणसं रांगेत उभी होती. टेबलामागे पाटी नव्हती, झेंडा नव्हता. बहिणीने रिकाम्या पुरचुंडीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे बघितलं. मला कळलं. मी तिला आत बसवलं, डब्यात पुन्हा मसाला भरला, काठोकाठ, आणि वर तिच्यासाठी वड्या घातल्या.

त्या संध्याकाळी मी मामांना फोन केला. सगळं सांगितलं, पंखा, माळ, धक्का, रांग.  मग ते म्हणाले, "भरून आला?"

"भरून आला."

"मी सांगत होतो ना," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी पूर्वीचा झाला, पायरीवर बसून बोलायचे तेव्हाचा.

आता ते दर रविवारी फोन करतात. माझं नाव त्यांना आठवतं, अनघाचं कधी आठवतं, कधी नाही. हवा कशी आहे विचारतात, आमच्या गॅरेजचं दार नीट लागतं का विचारतात. मग जरा थांबून, भीत भीत, अगदी पहिल्यांदाच विचारत असल्यासारखं विचारतात, "विहीणबाई, तो तुमचा डबा... बेटावरून आला का हो?" मी सांगते, आला, भरून आला. पंखा सांगते, माळ सांगते, रांग सांगते. ते दर वेळी तितकेच खूश होतात. डबा खरं म्हणजे सध्या बेटावर आहे, मसाला घेऊन गेलेला. पण दर रविवारी तो एकदा माझ्या दारात येतो, आणि रिकामा कधी येत नाही.